ब्रोकोलीचे शेजारी

तीर्थस्वरूप फोर्तुनाताताईच्या पायांशी धाकट्या निकोदेमोचा दंडवत. (प्रत्यक्ष घातलेला नाही. उजवा गुडघा हल्ली वाकतो, पण पुन्हा सरळ होत नाही, तेव्हा दंडवत कागदावरच गोड मानून घे.) तुझ्या दोन्ही हातांचे मुके. तुझी कंबर कशी आहे? टोरांटोत यंदा बर्फ किती पडलं? दाजींना अजून तुझ्या हातचं मीठ कमीच लागतं का? मागचं पत्र मी कधी लिहिलं होतं ते मला आठवत नाही, आणि तुला आठवत असलं तर कृपा करून सांगू नकोस.

इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. सारे म्हणजे मी. सावेरिया सप्टेंबरपासून तोरिनोला आहे, कारण आमच्या लेकीला, नुन्झियाला, जुळं झालं, एक मुलगा, एक मुलगी. दोघंही रात्रभर रडतात आणि दोघांचंही नाक तुझ्या-माझ्या बाबांवर गेलं आहे, असं फोनवर कळलं. (नाकाचं ऐकून मला वाईट वाटलं, विशेषतः मुलीसाठी.) सावेरिया येत्या गुरुवारच्या गाडीने परत येते आहे. ती येऊन परसातल्या बागेत पाऊल टाकायच्या आत, आईच्या ब्रोकोलीचं मी काय करून ठेवलं ते घरातल्या कुणातरी एकाला सांगावं, म्हणून लिहायला बसलो. पाद्रीबाबांपुढे कबुली देता आली असती, पण ते सावेरियाचे चुलतभाऊ लागतात.

आता तू म्हणशील, निकोदेमो आणि बाग? बरोबर आहे. अडतीस वर्षं मी रेल्वेचं फाटक पाडलं आणि उचललं. त्या काळात ब्रोकोली मला फक्त ताटात भेटत असे, तीसुद्धा लसूण आणि खारवलेल्या अँचोवी मासळीबरोबर, म्हणजे ओळख वरवरचीच. मार्चमध्ये निवृत्त झालो तेव्हा सावेरियाने मला तीन कामं नेमून दिली: सकाळी पाव आणायचा, दुपारी झोपायचं आणि मधल्या वेळात पायात यायचं नाही. तोरिनोला जाताना स्टेशनवर मात्र तिचा नाइलाज झाला. बाग माझ्या ताब्यात देताना म्हणाली, "फक्त पाणी घाला. दुसरं काही सुचलं तर खाटेवर पडा, आपोआप जाईल." ताई, मी खरोखरच पडलो होतो. पण गेलं नाही.

झालं असं की ऑक्टोबरात चर्चच्या सभागृहात शहरातून एक शेतकीवाल्या बाई आल्या. शिकलेल्या, तरुण, पायात मात्र आपल्यासारखेच गमबूट. त्यांचं व्याख्यान होतं, कुठल्या भाजीशेजारी कुठली भाजी लावावी यावर. मी गेलो होतो ते तिथे नवी वाइन आहे असं ऐकून, पण बाई बोलायला लागल्या आणि मी पेला खाली ठेवला. (खरंच ठेवला. साक्षीदार आहेत.) त्या म्हणाल्या, भाज्यांनाही मित्र असतात आणि शत्रू असतात. ब्रोकोलीला कांदा आवडतो, सेलरी आवडते, बीट चालतं. रोझमेरी आणि शेपूचा वास आला की पांढरी फुलपाखरं वाट चुकतात आणि अंडी दुसरीकडे घालतात. कॅमोमाइल शेजारी असलं तर चव सुधारते म्हणतात. स्ट्रॉबेरी मात्र शेजारी नको, टोमॅटो तर नकोच नको. ताई, अडतीस वर्षं मी कोण पुढे जाणार आणि कोण थांबणार हेच बघत आलो होतो. आणि इथे आपल्या स्वतःच्या परसात, भिंतीपलीकडे, शत्रू एकमेकांना खेटून बसले होते आणि फाटकावर कुणीच नव्हतं! जुन्या वेळापत्रकाच्या मागे मी सगळं उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाव न आणताच कुदळ उचलली.

पहिली हकालपट्टी स्ट्रॉबेरीची. सगळी रोपं उपटून टोपलीत भरली आणि शेजारच्या चेत्तिनावहिनीला भिंतीवरून दिली. (आपल्या शेजारचा पास्कुआले वारला, त्याची बायको. तुझ्या लग्नात पायरीवरून पडली होती ती.) तुला माहीतच आहे, सावेरियाचं म्हणणं, चेत्तिनाची नजर जड आहे. तिने कौतुक केलं की दूध नासतं, कोंबडी अंडी घालायची थांबते आणि एकदा तर म्हणे तिने छान म्हटलेला पडदा दुसऱ्या दिवशी फाटला. मी असल्या गोष्टी मानत नाही. चेत्तिनाने टोपली घेतली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बायको गावाला गेली की स्ट्रॉबेऱ्या वाटायची ही काय पद्धत, निकोदे?" मी म्हटलं, वहिनी, यांचं ब्रोकोलीशी पटत नाही. ती म्हणाली, "इतकी वर्षं पटत होतं की." संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, मी चेत्तिनाला फळं पाठवतो. दोन, माझं डोकं फिरलं आहे. दुसरी पसरली म्हणून पहिली फार टिकली नाही, हे माझं नशीब.

मग रोझमेरी. ती आपली विहिरीजवळची, आईच्या हातची, जिच्यावर सावेरिया हातरुमाल वाळत घालते. ती एवढी मोठी झाली आहे की तिला हलवायला मला आणि ढकलगाडीला दोन दिवस लागले. हलवली, ब्रोकोलीच्या वाफ्याशेजारी बसवली, आणि दुसऱ्या अंगाला सेलरी लावली. तिथे मला कळलं की बाईंनी मित्रांची यादी दिली खरी, पण मित्रांचं आपापसात कसं असतं ते सांगितलंच नव्हतं. सेलरीला दिवसातून दोनदा पाणी हवं. रोझमेरीला पाणी दिसलं तरी ती आजारी पडते. सेलरीला पाजलं की रोझमेरी पिवळी, रोझमेरीला जपलं की सेलरी मान टाकते, आणि ब्रोकोली दोघींच्या मध्ये घरजावयासारखी गप्प उभी. शेवटी मी रोझमेरीच्या मुळाशी जुनी छत्री उघडून आडवी ठेवली. चेत्तिना भिंतीवरून बघत होती. ती छातीवर क्रॉस काढून आत गेली.

नॅस्टर्शियमचंही सांगून टाकतो. बाई म्हणाल्या होत्या की ही फुलं ब्रोकोलीपासून थोडी दूर लावा, मावा कीड त्यांच्यावर जाते आणि ब्रोकोली वाचते. मी लावली. मावा आला. इतका आला की मला अभिमान वाटला. आठ दिवसांत त्याने फुलं संपवली आणि मग, पोट भरून ताजातवाना होऊन, ब्रोकोलीकडे वळला. मी साबणाचं पाणी घेऊन पान न् पान पुसलं, आतून बाहेरून, तीन दिवस. सावेरियाने मला कधी स्वतःची कॉलर पुसताना पाहिलेलं नाही.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती जरा लाजिरवाणी आहे. कांद्याच्या ओळी घातल्यावर माझ्या लक्षात आलं की ब्रोकोलीची झाडं विषम आहेत. एका ओळीत पाच, एकीत चार, एकीत साडेतीन. (अर्धं गोगलगायीने खाल्लेलं.) प्रत्येक कांद्याला एक ब्रोकोली मिळायला हवी होती, नाहीतर मित्र कसले? म्हणून मी शनिवारच्या बाजारातून डझनभर रोपं आणली आणि रिकाम्या जागी बसवली. ओळी अशा सरळ झाल्या की रुळांची आठवण आली. बाजारची रोपं थोडी मोठीच होती, आणि दोन महिन्यांत सगळी सारखी दिसायला लागली. त्या वेळी मला वाटलं, किती छान.

आणि ताई, खरं सांगतो, डिसेंबर लागला तेव्हा बाग छानच दिसत होती. मी बाकी काहीही केलं असेल, पण गड्डे असे घट्ट, निळसर, पहाटेचं दव धरून बसलेले. मी स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघत कॉफी प्यायचो. एक तर इतका मोठा होता की त्याला दोन हातांचा वेढा पुरेना. त्याच्या देठाला लाल लोकरीचा धागा बांधला होता. सावेरियाची ती गाठ मी लगेच ओळखली, माझ्या पायजम्याची नाडीही ती अशीच बांधते. आणि ताई, मला लगेच कळलं की तिने जाण्याआधी तो चेत्तिनाच्या नजरेसाठी बांधला आहे. दुसरं काय असणार? आपल्याकडे लाल काय उगीच बांधतात? वासराच्या गळ्यात, पाळण्याला, नव्या मोटारीच्या आरशाला, सगळीकडे त्याचसाठी. मला चेत्तिनाची फार दया आली. बिचारी विधवा बाई, स्ट्रॉबेऱ्या घेतल्या तरी नावं, भिंतीवरून बघितलं तरी नावं.

तर नाताळच्या आदल्या दिवशी चेत्तिनाने भिंतीवरून हाक मारली, की एकटा आहेस, आजच्या रात्रीचे रिवाजाचे तेरा पदार्थ एकट्याने कसे करशील, माझ्याकडे ये. मला भरून आलं. मनात म्हटलं, आज या नजरेबिजरेच्या गोष्टीचा कायमचा निकाल लावू. मी गेलो आणि तो लाल धाग्याचाच गड्डा कापला. वर, भेट नीटनेटकी दिसावी म्हणून, तोच धागा त्याला फुलासारखा बांधला. मग बाईंच्या सांगण्याप्रमाणे (काढणी झाली की जागा अडवून ठेवू नये) खालचं खोडही मुळासकट उपटलं, चेत्तिनाच्या कोंबड्यांना टाकलं, आणि त्या खड्ड्यात कांदा लावून हात धुऊन तिच्या दारात उभा राहिलो.

चेत्तिनाच्या हातात कॉड माशाचं ताट होतं. ते तिने खाली ठेवलं म्हणून मासा वाचला. "अरे मेल्या!" ती ओरडली. "बियाण्याचं कापलंस?"

ताई, तुला अर्थातच ठाऊक आहे. सबंध गावाला ठाऊक आहे. चेत्तिनाला, पाववाल्याला, चार वर्षांच्या पोरांना ठाऊक आहे की ज्या झाडाला लाल लोकर बांधली ते खायचं नाही, ते उभं ठेवायचं, ते मार्चमध्ये पिवळं फुलतं, जूनमध्ये शेंगा वाळतात आणि त्यातून पुढच्या ऑगस्टचं बी येतं. आपली आई हेच करायची म्हणे, माझ्या डोळ्यांसमोर, दरवर्षी. मी काय बघत होतो कोण जाणे. बहुतेक गाडी कधी येते ते. "तुझ्या आईपासूनची बाग आहे ती," चेत्तिना म्हणाली, "आणि तू तिला धागा बांधून माझ्याकडे तळायला घेऊन आलास!" मी विचारलं, खोड परत लावता येईल का? आम्ही दोघं धावत मागे गेलो. कोंबड्यांनी नाताळ आधीच उरकला होता.

मग काय करणार, तळला. पिठात बुडवून, तेलात, अँचोवी घालून. चेत्तिना तळताना रडत होती, मी खाताना रडत होतो, आणि दोघंही दुसऱ्यांदा वाढून घेत होतो. आयुष्यात इतकी गोड ब्रोकोली मी खाल्लेली नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त टोचलं. आईने हे बी तिच्या आईकडून आणलं होतं. तू नापोलीला जहाजावर चढलीस तेव्हा तिने चिमूटभर तुझ्या कोटाच्या शिवणीत घातलं, आणि वारली त्या आठवड्यात उरलेली पिशवी माझ्या नव्हे, सावेरियाच्या हातात दिली. मला तेव्हा राग आला होता. आता नाही.

तू म्हणशील, बाकीच्या झाडांचं बी धर. तेच तर सांगतो आहे, बाजारची झाडं! कुठलं आईचं आणि कुठलं शनिवारचं ते आता मला ओळखता येत नाही. मी चष्मा लावून, चष्मा काढून, चव घेऊन, बोटाने टिचकी मारून बघितलं. शेवटी शेतकीवाल्या बाईंना पत्र टाकलं. त्यांनी सविस्तर उत्तर पाठवलं, की सगळी एकत्र फुलली तर त्यांची एकमेकांत भेसळ होईल आणि पुढच्या वर्षी काय उगवेल ते सांगता येत नाही. खाली त्यांनी विचारलं आहे की सोबतीच्या लागवडीचा अनुभव कसा वाटला. बी ठेवायची पिशवी मी दाराच्या मागे तीनदा तपासली. ती रिकामी आहे, यंदाच्या पेरणीत होतं नव्हतं ते संपलं.

सावेरिया ओरडली तर मला चालेल. चव्वेचाळीस वर्षं ऐकतो आहे, त्याची सवय आहे. पण ती पिशवी हातात घेऊन उलटी करेल आणि काही बोलणार नाही, ते मला सहन व्हायचं नाही. असो. दाजींना नमस्कार, नातवंडांना पापे, तुझ्या कंबरेला गरम विटेचा शेक. तू मोठी आहेस, तुझ्याजवळ मन मोकळं केलं, आता बरं वाटतंय. दुसरं काही मागणं नाही.

तुझा आज्ञाधारक (या वयात का होईना),
निकोदेमो

ता. क. मागणं नाही असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. तू मागच्या वेळी फोटो पाठवला होतास, त्यात तुझ्या घरामागे कुंपणाशी ब्रोकोली होती. तिचं पान मी भिंगातून पाहिलं. ती आईचीच आहे ना? ताई, चमचाभर बी पाठव. जूनच्या आत. पाकिटावर बी असं लिहू नकोस, औषध लिही. मी ते पिशवीत टाकून देईन आणि हे गुपित आपल्या दोघांत राहील. (आणि चेत्तिनात. आणि पाववाल्यात, कारण त्याला चेत्तिनाने सांगितलं.)

ता. क. दुसरं. सावेरिया मंगळवारीच आली! मला हे पत्र पावाच्या डब्याखाली दडवायला जेमतेम वेळ मिळाला. बरं झालं, मी आदल्या दिवशीच हुशारी केली होती. तो लाल धागा धुऊन, वाळवून, कोपऱ्यातल्या सगळ्यात देखण्या झाडाला बांधून ठेवला होता. ती चपलाही न काढता बागेत गेली. छत्री बघितली. कांदे बघितले. लाल धाग्यापाशी उभी राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "छान वाढलंय." एवढंच! तिला काही म्हणजे काही कळलेलं नाही. आता सगळं तुझ्या चमच्यावर आहे. घाई कर. तुझ्या घराचा नंबर मला आठवत नाही, तेव्हा पाकीट नीट चिकटवून तिच्याकडेच देतो, पत्ता तिच्या वहीत आहे. आत नववर्षाच्या शुभेच्छा आहेत असं सांगितलं आहे.

ता. क. तिसरं. वन्सं, मी सावेरिया. पाकीट वाफेवर धरलं की उघडतं. यांचं अक्षर अजून तसंच आहे, गाडी सुटल्यासारखं.

चमच्याची घाई नको. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी मला वाफ्यात नेऊन सांगितलं होतं, की लाल लोकर दोन नंबरच्या झाडाला बांधायची. गावभर सगळ्यांना ठाऊक आहे की लाल म्हणजे बियाण्याचं, म्हणून ज्याला नजर लावायची, चोरायचं किंवा भलती हुशारी करायची आहे तो थेट तिकडेच जातो. खरं झाड निराळं. गड्डा मोठा म्हणून ते धरायचं नाही, ज्याचा गड्डा सगळ्यात उशिरा येतो ते धरायचं, आणि त्याला काहीच बांधायचं नाही. तुम्हाला त्यांनी हे सांगितलं होतं की नाही मला माहीत नाही, मुलीला न सांगता सुनेला सांगितलं असेल तर राग धरू नका. ते झाड विहिरीच्या पायरीशी आहे, धडधाकट. दिसायला बेताचं, म्हणून यांनी त्याला मित्रसुद्धा दिला नाही. बाजारची रोपं देठावरून आंधळ्यालाही ओळखू येतील. ती मी रोज दोन-दोन करून शिजवते आहे, लाल धाग्याचं सगळ्यात शेवटी, आणि हे जेवतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

यांना यातलं काही कळवू नका. आल्यापासून रोज भांडी घासतात, काल माझे पाय चेपून दिले. जूनपर्यंत असंच चालू दे.

पण रोझमेरीच्या मुळाशी छत्री बघितली तेव्हा मी आत येऊन रडले, वन्सं. हसता हसता. सासूबाईंच्या बागेचं एवढं कुणाला वाटेल आणि ते यांना वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं इकडे न यायला तुम्ही कंबरेचं कारण सांगता. कंबर तिकडेही दुखते, इकडेही दुखेल. बी पाठवू नका. ऑगस्टात पेरायचं आहे तेव्हा तुम्हीच या, रिकाम्या हातांनी. मला एकटीला आता वाकवत नाही, आणि यांना मी त्या वाफ्यात पुन्हा पाय ठेवू देणार नाही.